पहिल्या बाटलीतलं मीठ

हिंगोली, मंगळवार

ती. आत्यास प्रज्ञेशचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे आता कसे आहेत? मी मजेत आहे. (मजेत नाही. एवढं लिहिताना चारदा उठून फेऱ्या मारल्या.) फोन केला असता, पण तो तुझी सून शीतल उचलते आणि तिला सांगितलेलं सगळ्या साखरा गावाला कळतं. म्हणून हे पत्र लालसिंग कंडक्टरच्या हाती देतोय.

मागच्या आठवड्यात तू खोलीवर आलीस तेव्हा खिडकीत गढूळ पाण्याच्या पाच बाटल्या होत्या, आठवतं? तो माझा एमएस्सीचा प्रयोग. मातीच्या बारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, लग्नात एका पंगतीला न बसणाऱ्या साडूंसारखे. पाण्यात मीठ वाढवलं की मिठाचे कण मधे गर्दी करतात, भाराचा जोर ओसरतो, साडू एकत्र येतात आणि गाळ खाली बसतो. पहिल्या बाटलीत मीठ शून्य, पुढे चढत्या मापानं. म्हणजे सगळ्यांत जास्त भार पहिलीत हवा.

बाटल्या मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला, भार मोजायच्या यंत्रापर्यंत गेलो. भार सगळ्यांत कमी निघाला तो पहिलीतच! माझे मार्गदर्शक माणिकराव सर म्हणाले, "एक तर तू नवा शोध लावला, न्हाई तर घोटाळा केला. शोधाचं मला काही खरं वाटून न्हाई राहिलं." मी तीन दिवस मीठ, माती आणि स्वतःची अक्कल तपासत बसलो. काल जेवताना एकदम तुझे निघतानाचे शब्द आठवले, "लेकरा, असलं गढूळ पाणी काहून पिऊन राहिला? तुरटी न्हाई घावली, पण म्या सोय केली बघ."

आत्या, मी रागावलेलो नाही. तुझी माया मला कळते. पण शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येतायत आणि माझं वर्ष या पाच बाटल्यांवर आहे.

तुझा लाडका,
प्रज्ञेश

ता. क. सर म्हणतात, तू टाकलेलं मीठ किती ते कळलं तर ती पहिली बाटलीही कामाला येईल. पण 'अंदाजानं' त्यांना चालत नाही. तर मिठाची तेवढीच चिमूट, त्याच बोटांनी, पाचदा घेऊन पाच वेगवेगळ्या पुड्यांत बांध आणि लालसिंगकडे उद्याच दे. मी वजन करून सरासरी काढतो.

ता. क. २. त्या बाटलीतलं पाणी घोटभर कमी आहे. चव पाहिलीस ना? घाबरू नकोस, माती आपल्याच वावरातली आहे. फक्त एवढं खरं सांग, अळणी लागलं म्हणून पुन्हा टाकलंस का?