सात नंबरच्या ग्लासाचे खरे गुण

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंद्याने वाइन चाखणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. परवापासून एक थेंबही घेतलेला नाही, हे शेजारचे डॉक्टर सांगतील. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मुख्य गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. मला मूलबाळ नाही, पत्नी हयात नाही. राहती खोली आणि बँकेत असेल ते सर्व धाकट्या बहिणीला द्यावे.

२. तळघरातली काळी रम पिंपे करणाऱ्या सुताराला द्यावी. पहिल्या घोटाला जळकी साखर, मग कॉफी, शेवटी वार्निश. वार्निश त्याच्याच पिंपाचे आहे, तेव्हा त्यानेच ते संपवावे. जर्दाळूची ब्रँडी डॉक्टरांची. ती आधी घसा धरते, मग बराच वेळ गप्प बसते, आणि जर्दाळू येतो तो गिळून झाल्यावर. घाई करणाऱ्याला ती कळत नाही, आणि डॉक्टर घाई करतात. तेच या कागदाचे साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून बाटली सहीआधीच डॉक्टरांच्या हातात दिली आहे.

३. चाखलेला घोट थुंकायची माझी पितळी पिकदाणी माझ्या सहकाऱ्याला. चाळीस वर्षे तो शेजारी बसला आणि त्याला प्रत्येक वाइनमध्ये गुलाब सापडला. आम्ही त्याला 'गुलाबपाणी' म्हणत असू. एकदा मी त्याच्यापुढे ग्लास विसळलेले पाणी ठेवले, तर त्यातही त्याला पाकळी लागली. मी त्याला जन्मभर हसलो. पण त्याला खरेच गुलाब येत असे, आणि येईल तेच तो लिहीत असे. मला स्वतःबद्दल हे म्हणता येणार नाही.

४. आता ज्यासाठी कागद घेतला ते. नवऱ्याच्या मागे बहिणीने उतारावरचा द्राक्षमळा एकटीने सांभाळला आणि गाडी ठेवायच्या शेडमध्ये वाइन केली. चौदा वर्षांपूर्वी तिने ती वार्षिक परीक्षणाला पाठवली. परीक्षणात बाटल्यांना कापडी पिशव्या घालतात, ग्लासावर फक्त नंबर असतो. वाइन कोणाची हे ओळखू आले, तर परीक्षकाने उठून बाहेर जायचे, हा नियम. नियम मीच केला होता.

सात नंबरचा ग्लास नाकाशी नेला आणि मी ओळखले. द्राक्षांबरोबर थोडे देठ राहू द्यायची सवय तिचीच. मी वीसपैकी अठरा लिहिले. मग मनात आले, लोक म्हणतील भावाने बहिणीला वर काढले. मी उठायला हवे होते. पण मुख्य परीक्षकाची खुर्ची सोडवेना. अठरावर काट मारून मी नऊ लिहिले.

याला मी निःपक्षपातीपणा म्हणत आलो. खरे असे की मी जळलो. मी जन्मभर दुसऱ्यांच्या वाइनला शब्द चिकटवले, आणि तिने शेडमध्ये बसून वाइन करून दाखवली.

आठवड्याने ती आली. "दादा, खरं सांग, कुठे चुकलं माझं?"

"देठांमुळे तुरट झालीय गं," मी म्हणालो. "पुढच्या वेळी सगळे काढून टाक."

माझ्या जिभेवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. तिने एकूण एक देठ काढले. पुढची वाइन मिळमिळीत झाली, त्याच्या पुढची त्याहून. तिसऱ्या वर्षी तिने वेल उपटून टाकले. आता ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. हे माझ्यामुळे झाले.

५. त्या ग्लासाचा माझा खरा अभिप्राय: रंग गडद, कडेला विटकरी. नाकाला आधी काळ्या मनुका, मग ओली दगडी पाटी. घोट तोंडभर पसरतो. तुरटपणा शेवटी येतो, यायला हवा तिथेच. देठ काढल्यास ही वाइन मरेल. परीक्षक घोट थुंकतो. हा मी गिळला. गुण अठरा.

६. ~~वरील मजकूर माझ्या मृत्यूनंतर बहिणीला वाचून दाखवावा.~~ खोडले आहे. सहीसाठी आलेल्या डॉक्टरांनी हे वाचले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही गेल्यावर तिने भांडायचं कोणाशी?" बहिणीला लगेच फोन करून बोलावले.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. ती आली. उभ्या उभ्या वाचले, पाचवे कलम दोनदा. मी म्हणालो, "चुकलो गं, मला माफ कर."

"चौदा वर्षं मी माझ्या हातांना दोष देत होते, दादा," ती म्हणाली. "आता अठरा दिलेस. वेल कुठून आणू?"

कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "तुझी खोली मला नको. पैसेही नकोत." आणि गेली.

तिच्या म्हणण्याप्रमाणे कलम एक रद्द करत आहे. त्या जागी कोणाचे नाव घालावे हे मला सुचत नाही. ती जागा कोरी ठेवून सही करत आहे.

सही: वाइन चाखणारा
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
ठिकाण: माझी राहती खोली
दिनांक: द्राक्षतोडणी संपल्यानंतरचा दुसरा सोमवार