माझ्या कानाचा सौदा

४ नोव्हें.
उद्या वर्धेला भरती. उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. साधीच, कॅन्सर नाही. हे म्हणाले, "गाठ निघाली का पयल्यासारखं आयकू येईन तुले." कानात शिटी वाजते, चालताना तोल जातो, पण त्या कानाने अजून फोन ऐकू येतो. भजनमंडळाची पेटी शोभाकडे दिली. महिन्याभरात परत घेईन म्हटलं.

१२ नोव्हें.
ऑप. झालं. उलट्या. तोंड वाकडं झालं नाही, नशीब! उजवा कान ठार बंद. हे म्हणतात, "सूज हाये, उतरन." माझा भाऊ, दादा, खिडकीबाहेर बघत होता.

३ डिसें.
हिंगणघाटला घरी. टाके सुकले. उजवीकडे जगच नाही. हॉर्न कुठून वाजतो कळत नाही. ही कसली सूज?

१७ डिसें.
तपासणी. डॉक्टरबाईंना विचारलं, ऐकू कधी येणार? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "या ऑपरेशनमध्ये तो कान जातोच. गाठ लहान होती, नुसतं लक्ष ठेवून थांबताही आलं असतं. घरच्यांना सगळं सांगितलं होतं."
कधी ते आठवलं. दादाने मला चहाला खाली नेलं, हे आत थांबले. सही माझीच. यांनी बोट ठेवलं तिथे केली.
बसमध्ये यांना विचारलं, काऊन नाई सांगतलं? "तू नाई म्हटलं असतं."
म्हटलंच असतं! कान माझा होता.

१८ डिसें.
दादाचा फोन. "बाई, तुह्या भल्यासाठीच केलं." सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. फोन ठेवून दिला.
हे बैलबाजारात दलाल. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बैल शेजारी रवंथ करत उभा. त्याला कोण विचारतं? मी चहा पीत होते.

५ जाने.
मागच्या वेळी डाव्या कानाचाही फोटो काढला होता. त्याचं काय निघालं? "डावा चांगला हाये," हे म्हणाले. अगदी त्याच तोंडाने. खरं असेलही. पण आता कसं मानू?
शोभा पेटी घेऊन आली. म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.

९ जाने.
उद्या तपासणी. यांना सांगून टाकलं, "आत मी एकटी जाईन. तुमी दादासंग खाली चहा पेऊन येजा."
हे बराच वेळ काहीतरी बोलत होते. उजवीकडे बसून. मी मान वळवली नाही.