पाळीचा दुसरा दिवस

११ नोव्हें., सोम.
महेश आणि मी सोलापूरला जाऊन आलो. डॉक्टरीण बाई बऱ्या आहेत, ओरडल्या नाहीत. वजन ६८. सोनोग्राफीत तेच, दोन्ही अंडाशयांवर बारीक बारीक फोड. पीसीओडी. शेवटची पाळी २ सप्टें. दिवस गेलेत का तेही तपासलं. नाही. माहीतच होतं.
'अंडं वेळेवर तयार होत नाही, एवढंच. मूल होणार नाही असं मी म्हणत नाही.' एवढंच म्हणे!
आधी पाळी आणायच्या गोळ्या, दहा दिवस. बंद केल्या की आठवडाभरात येते. आली की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं जायचं, मग अंडं तयार व्हायच्या गोळ्या सुरू. कधी, ते आम्ही ठरवायचं. 'घाई नाही, पण फार लांबवूही नका.' मी २९.
एस.टी.त महेश म्हणाले, तू म्हणशील तसं. म्हणजे चुकलं तर माझं. गोळ्यांचं पाकीट कपाटात, साड्यांखाली.

१४ नोव्हें., गुरु.
आज बाहेर बसले. खोटं खोटं.
सप्टेंबरची आली ती पंचावन्न दिवसांनी. तोवर आत्यांनी, म्हणजे महेशच्या आईनं, देवापुढं साखर ठेवून शेजारी दोन घरी दिवस गेल्याचं सांगूनही टाकलं होतं. मग मी चटई ओढली तेव्हाचं त्यांचं तोंड! नको परत. तेव्हापासून कॅलेंडर बघून महिन्याच्या महिन्याला बसते. चार दिवस वेगळी चटई, वेगळं ताट, स्वयंपाकघरात पाय नाही. शाळेत जाते नेहमीसारखी.
महेशना माहीत आहे. पहिल्यांदा हसले होते. आता हसत नाहीत.

२४ नोव्हें., रवि.
पाकीट तसंच. विचारणाऱ्यांना सांगते, नोकरी कायम झाल्यावर बघू. तासिकेवरची बाई कधी कायम होणार, देव जाणे. निमित्त आहे नुसतं.
खरं इथं लिहिते. भीती वाटते. लई. सुरू केलं नाही तोवर 'अजून बघितलंच नाही' म्हणता येतं. सुरू करून झालं नाही तर काय म्हणायचं? मग सगळ्या गावाला कळेल, आणि मलाही.
दहावीला प्रजननाचा धडा चाललाय. अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, झरझर काढते फळ्यावर. काल आकृती पुसताना हात थांबला. पोरी बघत होत्या, म्हणून खोकल्याचं नाटक केलं.

१२ डिसें., गुरु.
परत बाहेर. आत्या ताट सरकवत म्हणाल्या, 'तुझं तर आता घड्याळावानी हाय गं. मग आडतंय कुठं?' आणि पलीकडं महेश जेवत होते तिकडं बघत राहिल्या.

१५ डिसें., रवि.
व्हायचं तेच झालं. आत्यांनी कुणाकडनं तरी झाडपाल्याची पूड आणली. माझ्यासाठी नाही. महेशसाठी!
'पोरगी निकोप हाय, म्हैन्याच्या म्हैन्याला बसती. आपल्यातच काय आसंल बाळा. दुधातनं घे, लाजू नको.'
मी चटईवर बसून ऐकतेय. महेशनी पेला घेतला. गटागटा प्याले, पेला पालथा घातला, बाहेर गेले. मागोमाग गेले मी. म्हटलं, सांगून टाका ना, तुमची आईच आहे. म्हणाले, 'तुझं तू सांग, तुला वाटंल तवा. लई कडू हाय बघ.'
चिडायचं तरी कुणावर? माझी खोड, आणि शिक्षा त्यांना.

१८ डिसें., बुध.
तीन दिवस बघितलं ते दूध पिताना. आज सकाळी घरीच दिवस गेल्याची पट्टी लावून बघितली. एकच रेघ. मग पहिली गोळी घेतली. तापाची गोळी घ्यावी तशी घ्यायची, त्यात काय एवढं? पण पाणी ब्लाउजवर सांडलं निम्मं.
२७ ला संपतील. म्हणजे तीन-चार जानेवारीला येईल. रजा टाकून गुपचूप जाऊन यायचं. आलीच नाही तर? आणि आली तर?

२७ डिसें., शुक्र.
दहावी गोळी घेतली. आता पाठीत जरा कळ आली तरी दचकते. आणि महिनोन्महिने आली नाही म्हणून रडत होते ती मीच.

३० डिसें., सोम.
येळवस, म्हणजे वेळअमावस्या, रानातल्या पूजेचा दिवस. दिवस मोजताना अमावस्या लक्षातच घेतली नाही, येडी मी.
पहाटेपासून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळ्याला माझाच हात. आंबिलाचं गाडगं डोक्यावर घेऊन रानात मीच गेले. कडब्याच्या कोपीत आत्या पूजेचे पाच दगड, पांडव, मांडत होत्या, आणि मला कळलं. पाळी आली, चार दिवस आधीच.
गप्प बसता आलं असतं. कोण बघायला येतंय? पण पूजेचं ताट माझ्या हातात द्यायला लागल्या आणि मी हात मागे घेतले. तुरीच्या आडोशाला नेऊन सांगितलं.
'कधीपासनं?'
'आत्ताच, आत्या.'
'आन् बारा तारखेला काय होतं मग?'
सांगितलं सगळं. कॅलेंडर, चटई, पीसीओडी, सोलापूर, गोळ्या. मला वाटलं रोगाचं ऐकून कपाळावर हात मारतील. त्याचं काहीच नाही. म्हणाल्या, 'माझ्या लेकाला म्या पूड पाजली गं. पंधरा दिस. तू बघत बसलीस व्हय?'
'त्या बांधाला बस जा. डोस्कं दुखतंय म्हण सगळ्यास्नी.'
बसले. सगळं रान हसत-जेवत होतं. महेश ताट घेऊन आले. मी म्हटलं, आत्यांना कळलं सगळं. त्यांनी ताट खाली ठेवलं. घरी येताना आत्या पुढं पुढं चालत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
उद्या दुसरा दिवस.

३१ डिसें., मंगळ.
एस.टी.त लिहितेय, अक्षर हलतंय.
महेश पहाटेच त्यांच्या दुकानात गेले, नळदुर्गाला, कुणाचीतरी दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटार द्यायची होती. तिथं याच गाडीत चढणार. मी जळकोटच्या स्टँडवर एकटी उभी होते. पोटात दुखत होतं, घरी परत जावं म्हणत होते, खरंच दोन पावलं टाकली होती. तेवढ्यात समोरून आत्या. नेसणीतलं लुगडं, हातात पिशवी.
'आत्या, तुम्ही?'
'म्या येतीया. त्या बाईच्या तोंडनं ऐकू दे मला. तुझं काय खरं काय खोटं, आता कळंना झालंय.'
रागानं म्हणाल्या की कशानं, कळलं नाही. आता डॉक्टरीण बाई जे सांगतील ते त्यांच्यासमोर. लपवायला जागा राहिली नाही.
एकाच सीटवर बसलोय. शिवायचं नाही म्हणून मध्ये पिशवी ठेवलीय त्यांनी. मघाशी खिडकीकडं तोंड करून विचारलं, 'गोळ्यानं न्हाय झालं तर?'
म्हटलं, 'माहीत नाही आत्या.'
'हं.'
बरंच पुढं आल्यावर, 'दुखतंय का लई?'
मी मान डोलावली. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. सरकल्या नाहीत, मीही नाही. मधली जागा तशीच.
नळदुर्ग आलं. महेश स्टँडवर दिसतायत, हात पुसत. डॉक्टरीण बाई आधी विचारतील, ठरलं का तुमचं, सुरू करायच्या का गोळ्या? सोलापूर अजून तासभर लांब आहे.