एक नंबरची शेड

२ मार्च

चि. पिठीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले, की पोस्टमन हल्ली मला बघून लांबूनच मान हलवतो. जिवंत आहेस ना गं बाई?

दोन कामं आहेत, एक फुटकळ आणि एक मोठं. फुटकळ आधी उरकते. आमच्या पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसातल्या कारकूनबाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय. पोरगी तुझ्यासारखीच गोरी, नुसती हाक मारली तरी लाल होते. दुकानोदुकानी हिंडून फाउंडेशनच्या बाटल्या आणल्या, तर एकीने कावीळ झाल्यासारखी दिसते आणि दुसरीने आजारातून उठल्यासारखी. आता शेड कुठली, पॅलेट कुठलं, ब्रश कुठले, सगळं मला विचारतात. मला! अंगाला तेल लावलं तरी मी लाड केल्यासारखं समजते. पण माझी धाकटी बहीण अशा दुकानाच्या काचेतच बसते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले आहे. तेव्हा नीट लिही, माझी लाज राख.

आता मोठं. तुमच्या तलावावरच्या मुख्य बाई माझ्याबरोबर शिकलेल्या. त्यांना सकाळच्या बायकांच्या वर्गाला शिकवणारी हवी आहे. मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू विचार करत बसली असतीस. १२ एप्रिलला त्या पोहून दाखवायला सांगतील. तुमच्या दुकानापासून दोन गल्ल्या, तेवढंच अंतर.

लहानपणी तू मला मागे टाकायचीस आणि काठावर बसून पाय हलवत माझी वाट बघायचीस. लग्न झालं आणि ती पोरगी कुठे गेली मला कळलं नाही. जावईबापूंना नमस्कार सांग. माया आहेच, पत्राचा दुष्काळ मात्र संपव.

तुझी,
उन्हात रापलेली ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहीत नाही म्हणून रागावू नकोस. फोन करायचा तर फोन गल्ल्यावर आणि गल्ल्यावर सासूबाई. पत्र लिहायचं तर दुपारी ब्रश धुऊन झाले की मागच्या खोलीत बसून, तेवढंच.

कारकूनबाईंना सांग, शेड हातावर बघायची नाही. हात आणि तोंड एका रंगाचं कुणाचंच नसतं. कानाखाली, जबड्याच्या कडेला, शेजारशेजारच्या शेडचे पट्टे ओढायचे आणि दुकानाच्या दिव्याखाली न बघता दाराशी उजेडात जाऊन बघायचे. जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. लगेच ठरवायचं नाही, काही बाटल्या हवा लागली की काळपट पडतात. गोऱ्यांतही गुलाबी आणि पिवळट असे दोन पंथ आहेत. तिला कावीळ होते म्हणजे ती गुलाबीतली आणि दुकानदाराने पिवळट खपवली, दुसरं काही नाही.

डोळ्यांच्या रंगांचं पॅलेट मोठं घेऊ नका. तीस रंगांचं बघून डोळे दिपतात, पण त्यातले पाच वापरात येतात आणि बाकीचे ड्रॉवरमध्ये म्हातारे होतात. शिवाय त्यातली चमकी गालभर सांडते. छोटं, बिनचमकीचं, मातकट रंगांचं घ्या. नारिंगीकडे जाणारा तपकिरी मात्र नको, गोऱ्या तोंडावर गंज चढल्यासारखा दिसतो. ब्रश दाट आणि गोल घ्या, चपट्याने रेघा उठतात. घेण्याआधी तळहातावर घासून बघा, केस सुटला तर मुकाट्याने परत ठेवा. आणि धुतला की आडवा वाळवा. उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं आणि गोंद सुटतो.

झालं तुझं फुटकळ. मोठ्याचं काय सांगू?

ताई, मी काचेत बसते म्हणजे काय, ते तुला नीट माहीत नाही. शो-केसमध्ये एक उंच खुर्ची आहे. समोर रस्ता, मागे पडदा, डोक्यावर पांढरे दिवे. एक नंबरची, म्हणजे सगळ्यात गोरी शेड माझ्या तोंडावर लावली की दिसतच नाही, इतकी ती माझ्या रंगाची. बायका बाहेरून बघतात, आत येतात आणि ते लावून आपणही अशाच दिसू म्हणून बाटली घेऊन जातात. अगं, मी ते न लावताही अशीच दिसते! पण हे सांगायचं नसतं. पहिल्या महिन्यात मला खूप मजा वाटली, खोटं कशाला बोलू. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर कुणाला आवडत नाही? आमच्या धाकट्या वन्सं, म्हणजे ह्यांची कॉलेजातली बहीण, तर अजून त्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. मी खाली उतरले की पटकन बसून घेतात.

आता ऊन लागू नये म्हणून मी गच्चीवर जात नाही. माहेरी यायचं तर पावसापाण्याच्या दिवसांत. खिडकीला जाड पडदा. मला इथे कुणी टाकून बोलत नाही, हात उगारत नाही. तळहाताच्या फोडासारखं जपतात. उजेड मिळतो तो शेड तपासताना, दाराच्या उंबऱ्यापर्यंत. कुणी छळलं असतं तर भांडले असते, पण कौतुकाशी भांडायचं कसं, ते तू सांग. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात आईला विचार. आईंना विचारलं तर त्या माझ्या गालावरून हात फिरवतात आणि विषय संपतो.

तलावावरची शिट्टी इथे मागच्या खोलीत ऐकू येते. आताही वाजली. जाऊ दे. बाईंना दुसरी कुणी बघायला सांग. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
पिठी

१४ मार्च

चि. पिठीस,
अ. आ.

कारकूनबाई तुझ्यावर बेहद्द खूश आहेत. मी नाही.

दुसरी कुणी बघायला मी सांगणार नाही. तुझं नाव तिथे आहे, ते तसंच राहील. बारा तारखेला आलीस तर आलीस, नाही आलीस तर तुझ्या नावाची हाक मारतील आणि पुढचं नाव घेतील. ती हाक तुला मागच्या खोलीत ऐकू येते का बघ.

रागाने लिहिते आहे, पण डोळे भरून आलेत म्हणून राग येतोय, एवढं समजून घे. एकदा तरी सासूबाईंना स्पष्ट विचार. गालावरून हात फिरवला तर हात बाजूला कर आणि परत विचार.

तुझी,
ताई

२३ मार्च

सुनेच्या थोरल्या बहिणीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. काल आपल्या पिठीने मला तलावावर जाऊ का म्हणून विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. हे तिचं बोलणं नाही, मागे तुम्ही आहात हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

तुमचा राग नाही. पण पोरीचे कान भरू नका, एवढी विनंती. आमचं दुकान तिच्या चेहऱ्यावर चाललं आहे. नव्या कंपनीने एक नंबरची शेड आम्हाला दिली, ती तिला काचेत बघूनच. त्या रंगाला ऊन लागलं म्हणजे आमच्या दुकानाच्या पाटीलाच काळं फासल्यासारखं होईल. तिला इथे काय कमी आहे? माझ्या लेकीला दिलं नाही ते मी तिला दिलं आहे.

तुम्हाला म्हणून सांगते, त्या खुर्चीत आधी मी बसत होते. मला माझ्या सासूबाईंनी बसवलं, तेव्हा माझाही रंग असाच होता. मग थोरल्याच्या वेळी गालांवर वांग उठले, मोठेमोठे तपकिरी डाग, ते पुढे गेलेच नाहीत. त्या दिवसापासून मी खुर्चीतून उतरले आणि गल्ल्यावर आले. तेव्हापासून फाउंडेशन लावल्याशिवाय मी खोलीबाहेर पडलेली नाही. माझा धुतलेला चेहरा माझ्या मुलांनाही आठवत नसेल. रंग जातो तेव्हा काय जातं, ते मला विचारा. तिचं तसं होऊ नये, यात माझं काय चुकलं? हे तिला कळवू नका.

गैरसमज नसावा. येणं-जाणं ठेवा, घर तुमचंच आहे.

पिठीच्या सासूबाई

२८ मार्च

चि. पिठीस,
अ. आ.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. तुला कळवू नका म्हणतात, म्हणून लगेच कळवते आहे. पत्रच सोबत घातलंय. वाच आणि फाडून टाक.

मी त्यांच्यावर दात खाऊन होते. पत्र वाचलं आणि अर्धे दात गळले. त्यांना रंग गेल्याचं दुःख आहे, हे खरं. पण नीट वाच, खुर्चीतून त्या कधी उतरल्या, ते त्यांनी स्वतःच लिहिलंय. मी याहून जास्त सांगत नाही, तुला डोकं आहे.

मला तू हवी आहेस, काचेबाहेर. बाकी रंग कुठलाही चालेल.

तुझी,
ताई

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले, पोहले, लागले. आधी एवढं लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता सविस्तर.

मी जाते म्हटलं तेव्हा आईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मला उन्हासाठीचं क्रीम दिलं, लांब बाह्या दिल्या, मोठी टोपी दिली आणि रिक्षा बोलावली. दोन गल्ल्यांसाठी रिक्षा! तलावाच्या पायरीवर टोपी काढली तेव्हा चोरी करतेय असं वाटलं. सूर मारला. ताई, पाण्याने मला ओळखलं गं. धाप लागली, पाय भरून आले, पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत दोनदा वाटलं की आता बुडते. पण पोचल्यावर मी काठावर बसून पाय हलवले, आणि तू मागून येत नव्हतीस म्हणून रडू आलं.

लगेच पुढच्या सोमवारपासून वर्ग सुरू झाला. क्रीम पाण्यात धुऊन जातं, ते आईंनाही माहीत होतं. आठवड्यात नाक सोललं, मग गाल, मग खांदे. पोहण्याच्या चष्म्यामुळे डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं राहिली, आरशात बघून मीच फिदीफिदी हसले. आई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी एक नंबरची बाटली काढली आणि मला रंगवायला घेतलं. तोंड, मान, कान, हात कोपरापर्यंत. पूर्वी थेंबभर पुरायचं, आता दोन हात द्यावे लागत. पोहून यायचं, चुना मारलेल्या भिंतीसारखं होऊन काचेत बसायचं. ताई, पूर्वी मी निदान माझ्या रंगात अडकले होते. आता तर दुसऱ्याच्या रंगात अडकले, आणि तो दुसरा रंगही माझाच. वेड लागायची पाळी आली होती.

परवा एक मुलगी आली, तिच्या आईबरोबर. छान सावळी. तिने काचेतून बराच वेळ बघितलं आणि आत येऊन मलाच विचारलं, की हा तुमचा रंग आहे की ह्या बाटलीचा. आई गल्ल्यावरून बघत होत्या. मला खोटं बोलता येईना आणि खरं बोलायची भीती वाटत होती. समोर ओला कापूस होता. मी तो घेतला आणि डावा गाल पुसला, कानापासून मानेपर्यंत. बाहेर रस्त्यावर दोघीतिघी थांबल्या. ती मुलगी जवळ आली, आपलं मनगट माझ्या पुसलेल्या गालाजवळ धरलं आणि ही शेड द्या म्हणाली. ताई, ती शेड आमच्या दुकानात नव्हतीच. आम्ही ती कधी ठेवलीच नाही.

आईंनी पडदा ओढला. त्यांनी माझा हात धरून मला मागच्या दाराशी उजेडात नेलं, हनुवटी वर केली आणि नेहमीसारखे पट्टे ओढले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. एकही पट्टा दिसेनासा होईना. त्या बघत राहिल्या. तेवढ्यात तिकडे शिट्टी वाजली. त्या म्हणाल्या, की खुर्चीत असताना त्याही ही शिट्टी ऐकायच्या. बस्स, एवढंच. मग कापूस घेऊन माझा उरलेला चेहरा त्यांनी स्वतः पुसला, इतका हळू की मला त्यांच्याकडे बघवेना. उद्यापासून खुर्चीत बसू नकोस म्हणाल्या.

मी सुटले, ताई. रात्री पोटभर जेवले, घोरत झोपले, असं हे सांगतात. आणि सकाळी तलावावरून आले तर काचेत धाकट्या वन्सं बसलेल्या. डोक्यावर पांढरे दिवे, गालावर एक नंबर, आणि चेहऱ्यावर इतका आनंद, की मी रस्त्यातच थांबले. मला बघून त्यांनी काचेतून हात हलवला. पहिल्या महिन्यात मीही असाच हलवायची.

आईंशी बोलले. त्या म्हणाल्या, तिचीच हौस आहे, कुणी बसवलेली नाही. खरंच आहे ते. मलाही कुणी ढकललं नव्हतं.

आज दुपारी दोघी ब्रश धूत होतो. मी त्यांना सहज विचारलं, पोहता येतं का. नाही म्हणाल्या, आणि मग ब्रश आडवा ठेवता ठेवता विचारलं, की तलाव किती खोल असतो.

तुझ्याकडे पोहण्याची एखादी जुनी टोपी असली तर पाठव. माझ्यासाठी नको, माझं डोकं मोठं आहे. आईंच्या मापाची, लहानशी पाठव, आणि लवकर पाठव. तुझी माया उन्हासारखी आहे, लागू दे अशीच.

तुझी,
पिठी