तपकिरीवर लाल

ती. बाबांना,

"रंगाऱ्याची पोर आणि लॅबमध्ये काचा पुसते," असं तुम्ही अजून सगळ्यांना सांगता. काल त्याच काचेवर तपासायला तुमच्या पाठीवरचा तीळ आला. मला कळू नये म्हणून तुम्ही तो दुसऱ्या दवाखान्यात काढून घेतलात, पण तिथले नमुनेही आमच्याकडेच येतात. चिठ्ठीवर तुमचं नाव वाचलं आणि तो नमुना मी स्वतःकडे घेतला.

कॅन्सरमध्ये झपाट्याने वाढणाऱ्या पेशी खूप असतात. त्या दिसाव्यात म्हणून आम्ही फक्त त्यांनाच चढणारा तपकिरी रंग देतो. तुमचा तीळ मुळातच तपकिरी, त्यामुळे डॉक्टरांना काही उमजेना. तेव्हा कापड रंगवायच्या कढईजवळची तुमची ओरड आठवली, "तपकिरीवर तपकिरी चढवतं का कुणी?" मी तिळाचा नवा पातळ काप घेऊन लाल रंग दिला. लाल ठिपके जेमतेम तीन दिसले.

"साधा तीळ आहे," डॉक्टर म्हणाले. "लाल कुणाला सुचलं?"

"माझ्या उस्तादांना."

निकाल डॉक्टरांनीच सांगायचा असतो, म्हणून हे पत्र माझ्या पिशवीतच राहील. उद्या तो ऐकून तुम्ही घरी याल आणि तिळाचं नावही काढणार नाही. मीही काढणार नाही. चहा देताना माझ्या मनगटावरचा लाल डाग बघून म्हणाल, "रंगाऱ्याच्या पोरीला हात धुता येत नाहीत?"

म्हणा, खुशाल म्हणा.

तुमची,
काचा पुसणारी