वांगं निर्दोष

शनिवार संध्याकाळ, पांडेसरा

जिंकले मी! ह्यांच्या पायाचा अंगठा सुजला की सासूबाई माझ्या भरितावर घसरायच्या. "वांगं वातूळ शे!" लग्नापासून ऐकतेय. आज डॉक्टर म्हणाले, हा गाऊट, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलंय. वांग्याचा दोष नाही. कलेजी, पाया, ह्यांनी मिलच्या उकाड्यात पाण्याऐवजी ढोसलेली गोड कोल्ड्रिंक्स, हे सगळं नडलं. शिवाय हे घराण्यातूनही येतं. "आधी कोणाला होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मना बापले व्हतं."

म्हणजे अंगठा त्यांच्याच माहेरचा! हसले का मी? दवाखान्यात नाही. रिक्षात मात्र हसू आवरेना.

घरी येऊन आधी वांगी भाजली. सासूबाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं. मीही वाढलं, भरभरून.