बघून शिकणारी

३ मार्च, मंगळवार
झालं! तलावावरची बदली मिळाली — होडीतून जाऊन पाण्याचे नमुने काढायचे. पण अट आहे. पोहता आलंच पाहिजे. आणि मी! इतकी वर्षं बाटल्यांतलं पाणी तपासतेय, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझी बोबडी वळते. महिनाअखेरीला साहेब स्वतः काठावर उभं राहून बघणार. नाही जमलं तर पुन्हा तीच बिनखिडकीची खोली. छे, मला ती होडी हवीच.

५ मार्च
पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या बाईंनी आधी कोण कसं शिकतं याची चाचणी घेतली. कागदावर! निकाल — मी 'बघून शिकणारी'. म्हणून काठावर बसून नीट बघायचं. तासभर बघितलं. पायाला पाणीसुद्धा लागलं नाही. मस्त!
ह्यांनीही हौसेने तीच चाचणी दिली. निघाले 'उजव्या मेंदूचे', म्हणजे कलावंत. तेव्हापासून भांडी घासा म्हटलं की कलावंत दुखावतो.

१० मार्च
अजून बघतेच आहे. आज आत्याबाई टॉवेल धरायला सोबत आल्या. (ह्यांच्या आत्या. थंडीपासून आमच्याकडेच असतात.) म्हणाल्या, "अगं, तू शिकायला आलीस की पहारा द्यायला?"
घरी आल्यावर मात्र आमची जुंपली. लेक डाव्या हाताने रंगवते आणि आत्याबाई न चुकता खडू तिच्या उजव्या हातात देतात. "डावखुऱ्याचं डोकं उलटं चालतं. शाळेत मागे पडेल पोर." चार वर्षांची आहे ती! मी म्हटलं, असं काही नसतं. "तुला काय माहीत!" म्हणाल्या. फार राग आला. लेकीने तर हल्ली रंगवणंच सोडलंय.

१४ मार्च
बाई रजेवर. त्यांच्या जागी एक म्हातारे मास्तर, आवाज बसलेला. मी आपलं ऐटीत सांगितलं, मी बघून शिकणारी. "मग घरी चित्रं बघा. इथे उतरा!"
उतरले. नाकात पाणी, कानात पाणी, तोंडाने देवाचा धावा — आणि तरंगले! खरंच तरंगले! मास्तर म्हणाले, "बघायचं, ऐकायचं, करायचं — सगळंच लागतं. मेंदूत असे कप्पे पाडलेले नसतात."
मग मास्तर काठावर टॉवेल धरून बसलेल्या आत्याबाईंकडे वळले. "आजी, तुम्हीपण या."
"ह्या वयात? आता काय शिरणार डोक्यात!"
"डोक्याला दार नसतं हो बंद व्हायला. वेळ लागेल जरा, एवढंच."
आत्याबाईंनी टॉवेलची पुन्हा घडी घातली.

२१ मार्च
आत्याबाई पाण्यात!! "कोणी बघत नाही ना गं?" — आणि सगळा तलाव बघतोय! मास्तर म्हणाले उजवा हात पुढे, आत्याबाईंचा डावा जातो. पुन्हा सांगितलं, पुन्हा डावाच. आणि काय सुरेख जातो! मास्तर हसून म्हणाले, "आजी, तुम्ही तर डावखुऱ्या!"
येताना रस्त्यात आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "लहानपणी तो हात पाठीशी बांधून ठेवायचे माझा. डोकं सरळ व्हावं म्हणून."
त्यांचा हात धरला आणि तशाच घरी आलो. दहा तारखेचा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

२८ मार्च
जमलं! जमलं! जमलं! मध्येच दम लागला, पाणी प्यायले, पण काठ गाठला. साहेब म्हणाले, "सोमवारपासून होडी तुमची." आत्याबाई इतक्या ओरडत होत्या की साहेबच दचकले. कलावंताने घरी येऊन आपणहून भांडी घासली.

३० मार्च
सकाळी लेक टेबलाशी नुसतीच बसली होती, हात मांडीवर. आत्याबाईंनी निळा खडू उचलला, तिच्या डाव्या हातात दिला. मग दुसरा घेतला — स्वतःच्या डाव्या हातात. "चल गं, तुझ्या आईची होडी काढू."